बद्द

उद्यमनगरात मी साचे बसवतो, चौदा वर्षं झाली.
वाळू दाबायची, पॅटर्न अलगद उचलायचा,
मागं राहिलेल्या पोकळीत कुणीही काहीही ओतलं
तरी चेहरा तोच येतो.
म्हणून काजवीचा नुसता चेहरा मला पुरत नाही.

काजवी. केसांत हिरवा उजेड, डाव्या डोळ्याखाली तीळ.
रात्री साडेदहाला पडद्यावर यायची
आणि पहिलं विचारायची, "जेवलासा काय सगळी?"
ती रेघांची आहे हे आम्हाला ठाऊक होतं.
आम्ही खुळे नाही.
पण विचारणारी कुणीतरी होती.
'ळ' यायच्या आधी ती किंचित थांबायची.
एकदा बोलता बोलता मागं कुकरची शिट्टी झाली
आणि ती हसली, "आईनं डाळ लावलीय."
त्या रात्री आम्ही चार हजार माणसं
त्या एका स्वयंपाकघरात जेवलो.

गणपती गेले, तीन आठवडे काही नाही.
मग एक कागद, तोही पडद्यावरचा.
"काही अपरिहार्य कारणास्तव. सहकार्याबद्दल आभार."
खाली सही: व्यवस्थापन.

आता व्यवस्थापन म्हणजे कोण?
मुबीन शिकलगार म्हणतो, एकच पोरगा आहे,
राजारामपुरी नववी गल्ली, झेरॉक्सवाल्याच्या वर.
काजवीचे पासवर्ड त्याच्याकडं, आजारपणाच्या तारखा त्याच्याकडं,
कुठल्या हसण्याला किती पैसे आले ती वहीसुद्धा.
वैदेही नेजदार म्हणते, तिनं वाढवून मागितले असणार.
मी काही म्हणत नाही. मला ऐकायचं असतं.

दिवाळीच्या तोंडावर काजवी परत आली.
तोच तीळ, तोच उजेड.
"जेवलासा काय सगळी?"

ओतीव काम वाळूतून निघालं की
आम्ही साखळीला टांगून हातोडीनं हलकं ठोकतो.
धड असलं तर आवाज घंटेसारखा लांब जातो.
आत कुठं चीर असली तर
बद्द.

मी लिहिलं: आईची डाळ शिजली काय?
ती म्हणाली, "अय्या, कसली डाळ?"
'ळ' स्वच्छ, न थांबता.
आणि मग लगेच, फारच लगेच,
"हां हां, शिजली की!"
तिच्या कानात कुणीतरी बोललं होतं.

दुसऱ्या दिवशी गंगावेशीत, कट्ट्यावर,
म्हशींच्या धारा चालल्या होत्या, पेल्यांवर फेस,
आणि आम्ही तिघं त्या पडद्यामागच्या उंदराला
आईबापावरून सुरू करून पार खापरपणज्यापर्यंत पोचलेलो.
शेजारी एक चष्मेवाला उभा होता.
केसांवर आडवा दाब, दिवसभर हेडफोन लावल्यासारखा.
दूधवाल्याला म्हणाला,
"या किटलीत अर्धा लिटर. फेस काढा.
हळद घालून द्यायचंय, घसा धरलाय तिचा."

तिचा.
वैदेहीचा पेला ओठापाशीच राहिला.

तो आमच्याकडं बघून हसला नाही, बिचकलाही नाही.
सुट्टे पैसे दोनदा मोजले. दोन रुपये कमी पडले,
ते मुबीननं दिले. का दिले, त्यालाही सांगता येईना.
मी विचारू शकलो असतो:
आधीची कुठं आहे? तिचे पुरे पैसे दिलेस?
तिला आता स्वतःच्या नावानं कुठं बोलता येतं,
का तेवढंही तुझ्या कागदानं काढून घेतलंय?
की हीच ती, आणि घसाच बदललाय?
तोंडापर्यंत आलं होतं.
पण तिथं मी चार हजारांतला एक नव्हतो, एकटाच होतो,
आणि हातात दुधाचा पेला.

तो स्कूटरवर बसला, किटली दोन पायांत धरली,
आणि राजारामपुरीकडं न जाता
शुक्रवार पेठेच्या एका बोळात वळला,
जिथं आमच्या माहितीत काहीच नव्हतं.

साडेदहा. तिघांचे फोन एकदम उजळले.
ती बोलत होती. आम्ही तिच्या मागचं ऐकत होतो.
मधेच स्कूटर स्टँडवर चढल्याचा खट्ट,
दार, किटलीचं झाकण,
मग ती थांबली. एक घोट.

मी हातोडी खाली ठेवली असं समजू नका.
हात भरून आला होता, एवढंच.